क्रूझ कोचीला थांबली, आता रिक्षाने फिरायचं कसं?

पहिल्या खेपेला मी कोची पाहिली ती बहुतेक कुलपांच्या रूपात. मट्टांचेरीच्या राजवाड्याला कुलूप, कारण शुक्रवार. धावतपळत सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दारात पोचलो तर एक वाजून दहा मिनिटं झालेली, आणि एकला दार बंद होतं. रिक्षा तर आम्ही सकाळीच मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी पैसे देऊन सोडून दिली होती. उरलेला वेळ मी आणि नवरा उन्हात उभे राहून 'आता काय' करत होतो. परतताना चुकीच्या गेटवर उतरलो, ते शेवटी सांगते.

दुसऱ्यांदा आई आणि मावशीला घेऊन गेले. त्या वेळी आधी नीट आखणी केली आणि पाच तासांत दोघींनी आरामात सगळं पाहिलं, वर चहाही झाला. तीच आखणी इथे देते. मुंबईहून जाणाऱ्या क्रूझवर पहिल्यांदाच निघालेल्यांना उपयोगी पडेल.

आधी एक शब्द. जहाजावरचे लोक 'टुकटुक' म्हणतात, केरळात तिला 'ऑटो' म्हणतात, आपली ती रिक्षा. बॅलार्ड पिअरला जहाजात चढताना आसपास एकही रिक्षा दिसत नाही, कारण दक्षिण मुंबईत तिला मज्जाव. कोचीत उतरलात की पहिली तीच दिसते, आणि बहुतेक वेळा बजाजचीच.

१. आधी वार बघा

क्रूझचं वेळापत्रक हातात आलं की पहिल्यांदा कोचीचा दिवस कोणता वार आहे ते बघा. तिथली दोन मुख्य ठिकाणं वारावर चालतात.

मट्टांचेरी पॅलेस शुक्रवारी बंद. परदेशी सिनेगॉग, हे त्याचं नावच, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी पूर्ण बंद, शिवाय ज्यूंच्या सणांना बंद. शनिवार लक्षात ठेवायला सोपा आहे. आपल्या कोकणात ज्यूंना 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. तोच शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, इथेही. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, त्यामुळे आत हिंडायला उशिरापर्यंत थांबावं लागतं.

इतर दिवशीसुद्धा सिनेगॉग साधारण १० ते १ आणि मग ३ ते ५ उघडं असतं. ही मधली दोन तासांची सुट्टीच क्रूझवाल्यांचा घात करते, कारण आपण नेमके दुपारच्या जेवणाआधी तिथे पोचतो. सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करा: *एकच्या आत सिनेगॉग.*

आणि आदल्या दिवशी बातम्यांवर नजर टाका. केरळात हरताळ असला की रिक्षा, दुकानं, सगळं ठप्प. तसं झालं तर जहाजाच्या बसचा विचार करा, नाहीतर जहाजावरच पोहा.

२. घड्याळ उलटं मोजा

जहाज सुटायची वेळ पाचची असेल तर 'सगळे जहाजावर' ही वेळ त्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. तुमच्यासाठी तीच खरी. ती चारची धरू. त्याआधी गेटवर तपासणी, बॅग मशीनमधून, शिडीपाशी रांग. म्हणजे बंदराच्या गेटवर तीनला. आणि परतीच्या वाटेवर तोप्पुंपडीच्या पुलावर गाड्या तुंबतात, म्हणून मट्टांचेरीतून सव्वादोनला निघायचं.

सकाळचंही तसंच. जहाज आठला लागलं तरी उतरायला परवानगी, मग टप्प्याटप्प्याने सोडणं, यात नऊ-साडेनऊ होतात. तुमच्या हातात असतात पाच तास, दिवस नव्हे.

आमच्या टेबलावरच्या एका काकांना त्यात अलेप्पीची हाउसबोटही करायची होती. अलेप्पी पन्नासहून जास्त किलोमीटरवर आहे. मुन्नारचं तर नावच काढू नका. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुमची रिक्षा उशिरा आली तर ते निघून जातं, आणि पुढच्या बंदरापर्यंत तुमच्या खर्चाने जायचं.

३. सोबत काय हवं

- जहाजाचं कार्ड. गेटमधून आत यायला तेच लागतं. दोन कार्डं एकाच्याच पाकिटात ठेवू नका.
- मूळ ओळखपत्र, आधार किंवा मतदार कार्ड. जहाज पुढे कोलंबोसारख्या परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्टबद्दल रिसेप्शनला आदल्या रात्रीच विचारा.
- जहाजाच्या त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेचा फोटो. तिच्यावर परतायची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. उशीर झाला तर फोन त्याला करायचा, जहाजाला नव्हे.
- दहा-वीस-पन्नासच्या नोटा. यूपीआय सगळीकडे चालतं, पण तिकिटं आणि चहा यांना सुटे बरे.
- खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे. सिनेगॉगमध्ये हे पाहतात. आईच्या साडीचा प्रश्न नव्हता. माझ्यासाठी मी पर्समध्ये एक ओढणी टाकली होती.
- पटकन काढता-घालता येतील अशा चपला. बूट घालून गेलात तर दिवसभर नाड्याच सोडत बसाल.
- टोपी, पाणी आणि पूर्ण चार्ज केलेला फोन. फोटो काढून काढून दुपारी फोन मान टाकतो, आणि रिक्षावाल्याचा नंबर त्यातच असतो.

४. गेटच्या बाहेर या, मग बोला

जहाज लागतं विलिंग्डन बेटावर. हे बेट निसर्गाचं नाही. बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून ते इंग्रजांच्या काळात तयार केलं, लॉर्ड विलिंग्डनच्या नावाचं. इथे पाहण्यासारखं फारसं नाही. बंदर, गोदामं, हॉटेलं आणि नौदलाचा तळ. नौदलाच्या कुंपणाकडे कॅमेरा वळवू नका. माझ्या नवऱ्याला शिपायाने हात हलवूनच समजावलं.

टर्मिनलमध्येच टूरवाले घेरतात. 'मॅडम, फुल कोची.' तिथे थांबू नका. बाहेर दहा रिक्षा उभ्या असतात. घाईघाईने पहिल्याच माणसाशी सौदा करण्यापेक्षा दोघांशी बोला. मी तीन गोष्टी पाहते: त्याला थोडं हिंदी किंवा इंग्रजी येतं का, गाडीला मीटर आहे का, आणि मी ठिकाणांची नावं घेतली की तो लगेच 'आधी स्पाइस मार्केट' म्हणतो का. तिसऱ्या प्रश्नाला हो असेल तर पुढचा माणूस.

रिक्षावाल्याला 'चेट्टा' म्हणा, म्हणजे दादा. 'एत्रा?' म्हणजे किती. 'वेण्डा' म्हणजे नको. 'मदी' म्हणजे पुरे. एवढ्या चार शब्दांवर आईने अख्खा दिवस काढला.

प्रवासी तीनच. चौघं असाल तर दोन रिक्षा घ्या. 'मांडीवर बसवू' हे पुण्यात चालत असेल, पाच तास नाही चालत.

५. भाव ठरवताना डोक्यात मीटर ठेवा

इथे लोक दोन टोकांच्या चुका करतात. एकतर सांगितलेला आकडा मान्य करतात, नाहीतर मीटरवरच अडून बसतात.

२०२२ मध्ये केरळात ठरलेले दर असे: पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला १५. धक्क्यापासून फोर्ट कोची सात-आठ किलोमीटर, तिथलं हिंडणं, मग मट्टांचेरी आणि परत, सगळं मिळून वीसेक किलोमीटर होतात. म्हणजे मीटरने साधारण ३१० रुपये. पण त्यात तो पाच तास तुमच्यासाठी थांबणार आहे हे धरलेलं नाही, आणि तुम्ही विकत घेताय ते तेच. अंतर नव्हे, थांबणं.

मला पहिला आकडा २,००० ऐकू आला. दुसऱ्या चेट्टाने १,५०० म्हटलं, १,००० वर जमलं. ३१० च्या तिप्पट झाले म्हणून मावशी कुरकुरली, पण पाच तासांत त्याने इतर भाडी किती मारली असती याचा हिशोब केल्यावर गप्प बसली. तुमच्या वेळी आकडा वेगळा असेल. मीटरचा हिशोब घरून करून या, म्हणजे घासाघीस कुठून सुरू करायची ते कळतं.

ठरवताना या गोष्टी तोंडाने बोलून घ्या, गृहीत धरू नका:

- भाव सगळ्या गाडीचा आहे, माणशी नाही. 'थ्री हंड्रेड' ऐकून खूश होऊन बसायचं आणि शेवटी 'ईच' ऐकायचं, हे आमच्या जहाजावरच्या एका कुटुंबाचं झालं.
- किती वाजेपर्यंत. 'पाच तास' म्हणू नका, 'अडीचला गेटवर' म्हणा. अर्ध्या तासाची सवड इथेच हातात ठेवायची.
- थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत.
- दुकान नाही. किंवा एकच, आणि तेही आम्ही सांगू ते.
- पैसे परत आल्यावर. पेट्रोलला म्हणून थोडे आगाऊ मागितले तर शंभर-दोनशे द्यायला हरकत नाही, सगळे नाही.

मग गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा आणि त्याच्या फोनवर एक मिस्ड कॉल द्या. यात अविश्वास नाही. चर्चच्या बाहेर एकसारख्या वीस रिक्षा उभ्या असतात, आपली ओळखायची कशी?

६. कुठे जायचं, कोणत्या क्रमाने

नकाशा पाहिलात तर मट्टांचेरी जहाजाला जवळ, फोर्ट कोची लांब. म्हणून सगळे आधी मट्टांचेरीला जातात. मी उलटं सांगते. सकाळी जे उघड्यावर आहे ते फोर्ट कोचीत आहे. कुलपात असलेलं सगळं मट्टांचेरीत, आणि तिथूनच परत जहाज जवळ.

*चिनी जाळी.* सागवान आणि बांबूची ती अवाढव्य तिकाटणी, दोराला टांगलेले दगड, आणि चार-पाच माणसं दोर ओढतात तसं जाळं पाण्यातून वर येतं. मासे थोडेच असतात. एखादा कोळी 'या, ओढा' म्हणून हाक मारतो. जरूर ओढा, मजा येते, पण नंतर तो पैसे मागणारच. पन्नास रुपये आधीच हातात काढून ठेवा. समोरून वायपीन बेटाला जाणारी फेरी दिसते. ती पाहा, तिच्यात बसू नका. इथे वीस मिनिटं पुरे.

*सेंट फ्रान्सिस चर्च.* १५०३ मध्ये पोर्तुगिजांनी इथे पहिलं लाकडी चर्च उभारलं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला इथेच पुरलं होतं. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले, पण कठड्यातली ती शिळा अजून आहे. लोक तिचा फोटो काढून निघतात. तुम्ही वर बघा. आडव्या दांड्यांना लटकवलेले कापडी पंखे आहेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीपलीकडे जातात. बाहेर उन्हात बसलेला माणूस त्या ओढायचा आणि आत साहेबांना वारा लागायचा. मावशी त्या दोरीच्या भोकाकडे बराच वेळ पाहत उभी होती. जवळच सांताक्रूझ बॅसिलिका आहे, वेळ असेल तर डोकवा.

*धोबीखाना, वेली भागातला.* हे बहुतेक सहलींच्या यादीत नसतं, म्हणून चेट्टाला मुद्दाम सांगावं लागतं. तमिळ वण्णान समाजाची कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या धुलाई करतात. डचांनी त्यांना सैनिकांचे गणवेश धुवायला आणलं असं सांगतात. मागच्या मैदानात दोऱ्याच दोऱ्या, आणि चिमटा एकही नाही. दोन दोऱ्यांना पीळ दिलेला असतो, त्या पिळाच्या फटीत कपड्याचं टोक खुपसायचं. वाऱ्याने कापड फडफडतं तसा पीळ घट्ट बसतो. महालक्ष्मीच्या पुलावरून हे आपण वर्षानुवर्षं पाहतो, पण इथे हात लावून पाहता येतं. आत कोळशाची जड इस्त्री फिरत होती. आईने ती उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. ही माणसं कामात असतात. विचारून फोटो काढा, आणि निघताना काहीतरी द्या.

साडेदहा-पावणेअकराला इथून हला.

*परदेशी सिनेगॉग आणि ज्यू टाउन.* मट्टांचेरीत आधी हे. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबते, पुढे चालत. सिनेगॉग १५६८ चं. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या फरशा आहेत. दोन फरशा सारख्या नाहीत म्हणतात. मी दहा-बारा तपासल्या, खरंच नव्हत्या. वर काचेची झुंबरं. आत पंधरा मिनिटंच लागतात, पण रांग असते. बाहेरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर हिब्रू आणि रोमन आकडे वेगवेगळ्या बाजूंना आहेत. कोकणातल्या आपल्या बेने इस्रायल, म्हणजे त्या शनवार तेली मंडळींना धर्मविधी शिकवायला एकोणिसाव्या शतकात शिक्षक आले ते या कोचीतूनच. गल्लीत एकेकाळी ज्यू कुटुंबं राहत. आता दुकानं आहेत.

*मट्टांचेरी पॅलेस.* चालत पाच मिनिटांवर. 'डच पॅलेस' म्हणतात, पण बांधला पोर्तुगिजांनी, १५५५ च्या सुमारास, आणि कोचीच्या राजाला दिला. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. जिना चढावा लागतो. गुडघेवाल्यांनी सावकाश. राजाच्या शयनगृहातली रामायणाची भित्तिचित्रं हे इथलं खरं आकर्षण. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे लोक खरंच पाहतात. आणि पायाखाली बघा. काळा संगमरवर वाटणारी ती जमीन कोळसा, जळलेल्या करवंट्या, चुना, वनस्पतींचा रस आणि अंड्यातला पांढरा बलक कालवून केलेली आहे. हे ऐकल्यावर आईने वाकून हात फिरवला आणि म्हणाली, "सारवलंय म्हण की."

यानंतर बाराच्या आसपास मोकळे असाल तर गुजराती रोडवरचं जैन मंदिर, तिथे दुपारी कबुतरांना दाणे टाकतात. वेळ उरला तर चेर्लाईची वस्ती. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेल्या सारस्वतांचे वंशज इथे आहेत. पापडाच्या दुकानात दोन बायका बोलत होत्या, त्यात 'खंय' ऐकलं आणि मावशीचे कान टवकारले. तिने मालवणीत विचारलं, त्यांनी त्यांच्या कोंकणीत उत्तर दिलं, निम्मं निम्मीला कळलं, पापड मात्र दोन पाकिटं घेतले. देवळं दुपारी बंद असतात. उघडी सापडली तरी केरळातल्या पुष्कळ देवळांत पुरुषांना शर्ट काढावा लागतो, घरच्या मंडळींना आधी कल्पना द्या.

जेवण? जहाजावर पैसे भरलेलं जेवण आहे म्हणून सगळे उपाशी हिंडतात. निदान चहा आणि पळम पोरी खा, पिकल्या नेंद्र केळ्याची भजी. आमच्याबरोबर चेट्टालाही बसवलं. त्यानंतर त्याने मधला एक रस्ता स्वतःहून सुचवला, गोदामांच्या बाजूने. एका चौकात सुंठ वाळत पडलेली, आणि वास असा की मावशीला तिथेच शिंका सुरू झाल्या.

७. 'फक्त पाच मिनिटं मॅडम'

कितीही आधी सांगा, हा प्रसंग येतोच. मोठं वातानुकूलित दुकान, हस्तकला, गालिचे, मसाले. गिऱ्हाईक आणलं की चालकाला काहीतरी मिळतं, तुम्ही खरेदी केलीत तर टक्केवारी. त्याला वाईट समजू नका, त्याचा पोटाचा भाग आहे. पण पाच मिनिटांची चाळीस होतात आणि एकचं दार निसटतं. 'सिनेगॉग आज बंद आहे, त्याआधी दुकान बघू' असं ऐकलंत तर म्हणा, चला, बंद दारच बघू. वार आपण घरून पाहिलेला असतो.

मसाले घ्यायचे तर शेवटी, आणि अख्खे. मिरी चिमटीत दाबून पाहा, चुरा झाला तर पोकळ. केशराची डबी हातात देतील. केशर हे काही केरळाचं पीक नव्हे. लोणची, तेलाच्या बाटल्या, सुऱ्या असलं काही घेण्याआधी जहाजाचा नियम बघा. दारूची बाटली तर शिडीपाशीच काढून घेतात.

८. परतताना नुसतं 'पोर्ट' म्हणू नका

आता ते गेट. पहिल्या खेपेला आम्ही मट्टांचेरीतून नवीन रिक्षा पकडली आणि 'पोर्ट' एवढंच सांगितलं. कोचीत एक पोर्ट नाही. कंटेनर टर्मिनल वल्लारपाडमला, वेगळ्याच बेटावर. विलिंग्डन बेटावरसुद्धा पूर्वेला एर्नाकुलम धक्का, पश्चिमेला मट्टांचेरी धक्का. आम्हाला पश्चिमेला उतरवून रिक्षा गेली. गेटवरच्या जवानाने कार्ड पाहिलं आणि बेटाच्या पलीकडे बोट दाखवलं. तिकडे गोदामांच्या छपरांवरून आमच्या जहाजाचं धुरांडं दिसत होतं. रिक्षा एकही नाही. निम्मं अंतर पळालो, निम्मं एका टेम्पोवाल्याने नेलं. शिडीवर चढलो तेव्हा सात मिनिटं उरली होती.

म्हणून सकाळी गेटबाहेर पडताना मागे वळून गेटच्या पाटीचा एक फोटो काढा. दुसऱ्या खेपेला मी तो चेट्टाला दाखवला. त्याने मान हलवली, म्हणाला तो रोज तिथेच उभा असतो, आणि मग माझ्या समाधानासाठी फोटो पुन्हा एकदा पाहिला. अडीचला पाच मिनिटं असताना आम्ही त्याच पाटीखाली उतरलो. मावशीने पैसे मोजून दिले, वर पापडाचं एक पाकीट त्याच्या हातात ठेवलं. तो 'वेण्डा, वेण्डा' म्हणत होता, तर ती म्हणाली, "मदी."